वीरपत्नींच्या शिक्षणाची हकीकत



सैनिक रणात पडला म्हणजे त्याचे नाव स्तंभावर कोरतात, गावच्या वेशीवर कमान उभारतात, शाळेतील मुलांना रांगेने आणून त्याला मानवंदना देववितात. हे सर्व योग्यच आहे. परंतु दिवसकार्य आटोपून पाहुणे आपापल्या गावी गेले की, मागे राहिलेल्या त्याच्या बायकोने काय करावयाचे? तिने आयुष्यभर पेन्शनीच्या तारखेची वाट पाहत बसावयाचे, की शिकूनसवरून आपल्या पायांवर उभे राहावयाचे? आणि शिकावयाचे म्हटले तर फी कोणी भरावयाची?

हा प्रश्न फौजा बाळगणाऱ्या सर्वच देशांपुढे आला. अमेरिकेने त्याचे जे उत्तर दिले, त्याची हकीकत मी येथे सांगणार आहे. आपल्या साताऱ्याच्या बायकांना अमेरिकेशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आपला जिल्हा फौजेचा आहे. आपल्या शेजारच्या अपशिंगे गावातील 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, म्हणूनच त्या गावाला अपशिंगे मिलिटरी हे नाव पडले. तेव्हा ही हकीकत परकी असली तरी दुखणे घरचेच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे इंग्रजीतील मजकूर लेकीने वाचून दाखविला व मी तो लिहून घेतला. मांडणी मात्र माझी आहे.

अमेरिका स्वतंत्र होत होती त्या 1776 सालीच तेथील काँग्रेसने लढाईत जायबंदी झालेल्या शिपायांना पेन्शन देण्याचा ठराव केला. पण विधवेचे नाव त्यात नव्हते. ते आले 1780 साली, आणि तेही फक्त अंमलदारांच्या विधवांपुरते. नवऱ्याचा निम्मा पगार, सात वर्षे. साध्या शिपायाच्या बायकोला काही नाही. त्या स्वातंत्र्ययुद्धातील शिपायांच्या विधवांसाठी सर्वसाधारण पेन्शन मंजूर झाली ती 1836 साली, म्हणजे लढाई संपून पन्नासावर वर्षे झाल्यावर! तोपर्यंत त्यांतील किती जणी हयात असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पुढे 1861 मध्ये उत्तर आणि दक्षिण यांचे यादवी युद्ध जुंपले. आता पेन्शनीचा कायदा लवकर करणे भागच होते. 1862 च्या जुलैत तो झाला व साध्या शिपायाच्या विधवेला महिना 8 डॉलर मिळू लागले. अध्यक्ष लिंकन यांनी 1865 च्या मार्चमध्ये आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात, लढलेल्या माणसाची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या पोरक्या लेकरांची काळजी वाहणे हे राष्ट्राचे काम आहे, असे सांगितले. पुढे महिन्यासव्वा महिन्यात त्यांचा खून झाला आणि त्यांची स्वतःची बायकोच विधवा झाली.

ही पेन्शन सुखासुखी मिळत नसे. लग्न झाल्याचा पुरावा लागे. आता दक्षिणेतील जे काळे लोक गुलामीतून सुटून उत्तरेच्या फौजेत दाखल झाले, त्यांच्या बायकांनी पुरावा कोठून आणावा? गुलामांच्या लग्नाला कायदा लग्नच मानीत नव्हता. नवरा देशासाठी मेला, आणि बायको कागदोपत्री त्याची कोणीच नव्हे! अखेर 1864 साली, ती दोघे नवराबायको म्हणून एकत्र नांदत होती अशी साक्ष मिळाली तर चालेल, अशी तरतूद करावी लागली.

त्याहून चमत्कारिक गोष्ट 1882 सालची. विधवेने पुन्हा लग्न केले तर पेन्शन बंद, हा नियम आधीपासून होताच. काही विधवा लग्न न करताच दुसऱ्या पुरुषाबरोबर राहू लागल्या. त्यांचीही पेन्शन तोडता यावी म्हणून नवा कायदा झाला. मग पेन्शन खात्याचे तपासनीस गावोगाव हिंडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारू लागले की, हिच्या घरी कोण येते, किती वेळ बसते. ज्या बाईने आपला नवरा देशाला दिला, तिच्या ओट्यावर कोणाच्या चपला दिसतात हे देशाने मोजावयाचे! मला हे वाचून हसू आले नाही. आपल्याही आळीतून असले तपासनीस पुष्कळ आहेत. त्यांना फक्त सरकारी पगार नाही एवढेच.

त्या युद्धाची पेन्शन किती काळ चालली ते ऐका. मोझ ट्रिप्लेट नावाच्या शिपायाला उतारवयात, 1930 साली मुलगी झाली. आयरीन तिचे नाव. ती अपंग असल्यामुळे बापाच्या नोकरीवर तिला महिना 73 डॉलर 13 सेंट मिळत. ती 2020 च्या मे महिन्यात वारली तेव्हा यादवी युद्धाची शेवटची पेन्शन बंद झाली. लढाई चार वर्षांची, पण तिचा खर्च दीडशे वर्षांहून अधिक!

आता शिक्षणाकडे वळते. यादवी युद्ध चालू असतानाच पेनसिल्व्हानिया राज्याचा गव्हर्नर कर्टिन याच्या मनात पोरक्या मुलांच्या शाळांची कल्पना आली. पेनसिल्व्हानिया रेल्वे कंपनीने फौजेच्या कामासाठी दिलेले 50 हजार डॉलर त्याच्या हाती होते. त्या पैशांवर 1864 साली सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शिक्षणाची सोय सुरू झाली. काम मोठे चांगले. पण येथे पहिल्यांदा जे दिसते ते पुढे पुन्हा पुन्हा दिसणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे. मुलाला शाळा, आईला पेन्शन. आईलाही शिकवता येईल हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. त्याच सुमाराला आपल्याकडे सावित्रीबाई व जोतीराव यांनी पुण्यात मुलींच्या शाळा काढून पंधरा वर्षे होऊन गेली होती. तेव्हा सुधारणा सगळी तिकडेच झाली असे समजण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धात मात्र मोठी उलथापालथ झाली. दीड कोटीहून अधिक माणसे फौजेत गेलेली. ती सारी एकदम परत आल्यावर त्यांना काम कोठून द्यावयाचे, ही सरकारला धास्ती पडली. माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संस्थेचे एक जुने अध्यक्ष हॅरी कोलमेरी हे वकील होते. त्यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदांवर, एका कायद्याचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून काढला. सैनिक परत आला की त्याला कॉलेजात जाऊ द्यावे, फी सरकारने भरावी, आणि शिकेपर्यंत पोटापुरते पैसेही द्यावे, असा त्यातला एक मोठा भाग होता. बिल समितीत अडकले. तोड निघण्यासाठी जॉन गिब्सन या सभासदाचे मत हवे होते, आणि गृहस्थ होते दूर जॉर्जियात आपल्या घरी. रातोरात त्यांना शोधून, मोटारीने व विमानाने वॉशिंग्टनला आणले तेव्हा बिल सुटले. 22 जून 1944 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांची त्यावर सही झाली. लोक त्याला जी.आय. बिल म्हणतात. जी.आय. म्हणजे साधा फौजी.

वर्षाला 500 डॉलरपर्यंत कॉलेजची फी, शिवाय एकट्याला महिना 50 आणि कुटुंब असेल तर 75 डॉलर, असा बेत होता. 1956 पर्यंत 78 लाख लोकांनी त्याचा फायदा घेतला. त्यांतले सुमारे 22 लाख कॉलेजात गेले. 1947 साली तर कॉलेजांत दाखल होणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. शेतकऱ्यांची, कामगारांची मुले इंजिनियर झाली, मास्तर झाली. काळ्या सैनिकांना मात्र दक्षिणेतील कॉलेजांनी दारे उघडली नाहीत. तो डाग त्या कायद्यावर राहिलाच.

आणि बायका? फौजेत स्वतः नोकरी केलेल्या बायकांना हक्क होता. घरच्या बायकांचे काम निराळेच होते. 75 डॉलरांत संसार होईना, तेव्हा त्या टाइपिस्टाचे, दुकानातले काम करून घर चालवीत आणि नवरे वर्गात बसत. कित्येक विद्यापीठांतून पदवीदान झाले की या बायकांना गमतीने एक प्रमाणपत्र देत. पदवीचे नाव पी.एच.टी., अर्थ ‘नवऱ्याला पार पाडले’. पदवी त्याला, गंमत हिला! अशी प्रमाणपत्रे आपल्या मंडळातही पुष्कळ जणींना देता येतील.

परंतु जिचा नवरा परतच आला नाही, तिला या कायद्याने शिक्षणापैकी काहीही दिले नाही. तर्क असा की, फीचा हक्क सैनिकाने नोकरी करून मिळविला, आणि तो मेल्यावर हक्कही त्याच्याबरोबर गेला. म्हणजे जो जिवंत परत आला त्याच्या घरात पदवी आली, आणि ज्याने जीव दिला त्याचे घर कोरडे राहिले. पेन्शन होती, नाही असे नाही. पण एका शिकलेल्या माणसाच्या पगारापुढे ती पेन्शन केवढीशी!

येथे काही बायका पुढे आल्या, आणि त्यांची गोष्ट आपल्या मंडळाच्या अंकात यायलाच हवी. न्यूयॉर्कमध्ये मेरी जॉर्डन नावाची एक तरुणी राहत असे. तिचा नवरा 1944 च्या अखेरीस जर्मनीतील लढाईत पडला. आपल्यासारख्या आणखी कितीतरी जणी असतील, त्या कोठे आहेत, कशा राहतात, हे तिच्या मनाने घेतले. एप्रिल 1945 मध्ये तिने आपल्या बिऱ्हाडी अशा चौघी जमविल्या. एक खोली, चार बायका, आणि चौघींचे दुःख एक. आपल्या मंडळाची पहिली बैठक याहून काही मोठी नव्हती. त्यानंतर आठवड्याच्या आतबाहेर, 12 एप्रिलला, अध्यक्ष रूझवेल्ट वारले. त्यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट पुढे या संस्थेच्या पहिल्या संचालकांत सामील झाल्या व तिच्या नोंदणीच्या कागदावर त्यांची सही आहे. संस्थेचे नाव गोल्ड स्टार वाइव्हज. पहिल्या महायुद्धापासून तेथे रिवाज आहे की, ज्या घरातला मुलगा फौजेत आहे त्या घराने खिडकीत निळ्या चांदणीचे निशाण लावावे, आणि तो पडला तर निळीच्या जागी सोनेरी चांदणी करावी. त्या सोनेरी चांदणीवरून हे नाव.

या बायकांनी काय केले? सभा भरविल्या, पत्रे लिहिली, वॉशिंग्टनला जाऊन समित्यांपुढे साक्षी दिल्या. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, पिढ्यान् पिढ्या. ज्या जणी 1945 साली पंचविशीच्या होत्या, त्यांच्या हयातीत शिक्षणाचा हक्क आला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या.

कारण मधल्या काळात पुन्हा तेच झाले, आधी मुलाचा नंबर लागला. 29 जून 1956 रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी युद्धातील पोरक्या मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. बाप सैनिकी कारणाने मेला असेल तर मुलाला कॉलेजसाठी महिना 110 डॉलर, 36 महिन्यांपर्यंत. 1964 साली, ज्यांचे बाप जिवंत पण पूर्ण अपंग आहेत त्यांनाही हा लाभ दिला. विधवेला अजून काही नाही. मुलगा कॉलेजात जाई व त्याचा डबा भरणारी आई घरी.

मग व्हिएतनामचे युद्ध भडकले. 1968 या एकाच वर्षात अमेरिकेचे 16 हजारांहून अधिक सैनिक मेले. त्यांतले बहुतेक विशीतले. त्यांची मुले रांगती, काहींची पोटात. मुलांना कॉलेजची फी मिळणार पंधरा-अठरा वर्षांनी, तोवर त्यांना वाढविणार कोण? वीस-बावीस वर्षांची, शिक्षण अर्धवट टाकून लग्न केलेली त्यांची आई! आता काँग्रेसच्या सभासदांनाही हे दिसले. 23 ऑक्टोबर 1968 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने नवा कायदा झाला, आणि सैनिकाच्या विधवेला व पूर्ण अपंग सैनिकाच्या पत्नीला मुलांप्रमाणेच कॉलेज शिक्षणाची मदत मिळू लागली. अंमल 1 डिसेंबरपासून.

या कायद्याचा हेतू मला फार पटला. तो भीक म्हणून नाही, बक्षीस म्हणूनही नाही. नवरा जिवंत व धडधाकट असता तर त्याने घराला जे राहणीमान दिले असते, ते या बाईला स्वतःच्या कमाईने आणता यावे, त्यासाठी तिला तयार करावयाचे, असा तो हेतू आहे. आणि ज्यांची शाळाच अपुरी राहिली, त्यांना आधी शाळा पुरी करण्यासाठी मदत मिळण्याची सोयही पुढे त्यात होती. हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. कॉलेजची फी माफ केली म्हणजे काम झाले, असे शिकलेल्या माणसांना वाटते. जी सातवी-आठवीत शाळेतून निघाली तिला कॉलेजचे दार उघडे आहे की बंद, याने काय फरक पडतो? ती दारापर्यंत पोचतच नाही.

1970 साली शत्रूच्या कैदेत असलेल्या व बेपत्ता सैनिकांच्या बायकामुलांनाही यात घेतले. सौभाग्यवती म्हणावे की विधवा, हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांची निदान ही सोय झाली. फौजेत बायकाही होत्या, तेव्हा मागे राहणारा नवराही असू शकतो. म्हणून हळूहळू कायद्यातून विधवा हा शब्द जाऊन मागे राहिलेला जोडीदार असा शब्द आला. 1973 साली शॅरन फ्राँटिएरो या हवाई दलातील बाईने, आपल्या नवऱ्याला अंमलदाराच्या बायकोइतक्याच सवलती मिळाव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला होता. त्या दाव्यात शिक्षणाचा प्रश्न नव्हता, पण वारे कोणीकडे वाहते ते त्यावरून कळले.

तरी दोन अडचणी राहिल्या होत्या, आणि दोन्ही बायकांच्याच लक्षात येण्यासारख्या.

पहिली मुदतीची. नवऱ्याच्या मृत्यूपासून दहा वर्षांत शिक्षण उरकावे, नाहीतर हक्क संपला. आता पंचविशीच्या बाईच्या पदरी दोन लेकरे आहेत. पहिले वर्ष रडण्यात व कागदपत्रांत जाते. पुढची सहा-सात वर्षे लेकरांची दुखणीबाणी, शाळा, सासूसासरे. जरा मोकळा श्वास घेऊन पुस्तक हाती धरावे तो मुदत सरत आलेली! हा नियम करणाऱ्याने घरात मूल सांभाळले नव्हते हे उघड आहे. नवरा कामावर असताना मेला असेल तर 2004 साली दहाची वीस वर्षे झाली. आणि 1 ऑगस्ट 2023 पासून ज्यांना हा हक्क नव्याने लागू होतो, त्यांना मुदतच ठेवली नाही. त्याआधीच्यांना मात्र जुनीच मुदत. म्हणजे थोरलीला जाच तो तसाच आणि धाकटीला मोकळीक. सासुरवाशिणीला हे नवीन नाही.

दुसरी अडचण पुनर्विवाहाची. दुसरे लग्न केले की शिक्षणाची मदत बंद. ही 1862 ची रीत आजही पूर्णपणे सुटलेली नाही. 2003 च्या कायद्याने एवढे केले की, 57 वर्षांच्या वयानंतर लग्न केले तर हक्क जात नाही. सत्तावन्नाव्या वर्षी! पंचविशीच्या विधवेला सरकार सांगते, एकतर शीक, नाहीतर संसार कर. माणसाला दोन्ही का नको असावे, हे मला कळत नाही. मदत पहिल्या नवऱ्याच्या बलिदानासाठी आहे ना? मग दुसरे लग्न झाल्याने ते बलिदान कमी कसे होते?

आता आणखी एक प्रकरण सांगावयाचे आहे. जॉन डेव्हिड फ्राय हा टेक्सासचा मरीन. पेरलेले बाँब निकामी करणे हे त्याचे काम. 2006 च्या मार्चमध्ये इराकमधून घरी परतायला थोडेच दिवस उरले होते, आणि हातही दुखावलेला होता. तरी तो स्वखुशीने आणखी एका कामगिरीवर गेला, आणि 8 मार्चला तेथेच स्फोटात मेला. मागे तीन लहान मुले. त्याच्या नावाने 2009 साली एक शिष्यवृत्ती निघाली. ती फार उदार आहे. सरकारी कॉलेजची राज्यातल्या दराने पूर्ण फी, राहण्याचा भत्ता, आणि पुस्तकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत. 11 सप्टेंबर 2001 नंतर कामावर असताना मेलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी ती होती. फक्त मुलांसाठी! 1864 साली मूल आधी, 1956 साली मूल आधी, आणि 2009 सालीही मूल आधी.

विधवांसाठी ही शिष्यवृत्ती खुली करण्याचे 2014 च्या ऑगस्टमधील कायद्याने ठरले व 1 जानेवारी 2015 पासून त्यांना ती मिळू लागली. जुनी 1968 ची मदत घ्यावी की ही नवी शिष्यवृत्ती, हे एकदाच ठरवावयाचे, मग बदल नाही. जुन्या मदतीत हाती रोख पैसे येतात. 2024 च्या ऑक्टोबरपासून पूर्ण वेळ शिकणाऱ्यास महिना 1,536 डॉलर ठरले. महाग कॉलेज असेल तर हे पुरत नाहीत. नव्या शिष्यवृत्तीत फी परस्पर भरली जाते. पण व्हिएतनामात पडलेल्याच्या विधवेला ही नवी शिष्यवृत्ती नाहीच, कारण तिचा नवरा 2001 च्या आधी मेला. नव्या शिष्यवृत्तीलाही विधवेसाठी पंधरा वर्षांची मुदत घातली होती. ती 2017 च्या कायद्याने काढून टाकली. या 2017 च्या कायद्याला नाव दिले आहे हॅरी कोलमेरी यांचे. हॉटेलच्या कागदावर मसुदा लिहिणारे तेच ते वकील.

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. 1971 च्या युद्धात आपले साडेतीन हजारांहून अधिक जवान कामी आले. त्याच डिसेंबरात, युद्ध थांबताच, लोकसभेत सरकारने जाहीर केले की, या युद्धात मेलेल्या, बेपत्ता झालेल्या व कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांची फी सरकार भरील. 1972 च्या जानेवारीपासून ते सुरू झाले. पुढे श्रीलंकेतील व सियाचीनवरील मोहिमांनाही ते लागू केले. येथेही मुलांचेच नाव आधी. मागाहून 2017 साली फी व वसतिगृह मिळून महिना दहा हजारांची मर्यादा घातली, तेव्हा देशभर ओरड झाली. नौदलाच्या प्रमुखांनीही सरकारला पत्र लिहिले, आणि 2018 च्या मार्चमध्ये ती मर्यादा उठवावी लागली.

त्याच 1972 साली डॉ. मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना स्थापिली. त्या राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या सूनबाई. राष्ट्रपतिभवनाच्या दिवाणखान्यात त्यांना सुखाने बसता आले असते, पण त्यांनी विधवांना जमवून त्यांच्या हाताला काम देण्याचा मार्ग धरला. 2023 च्या डिसेंबरात त्या वारल्या. स्वतः विधवेने शिकावे यासाठी केंद्राकडून शिष्यवृत्ती मिळू लागली ती मात्र 2006-07 च्या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेपासून. तिच्यात माजी सैनिकांच्या मुलांबरोबर विधवांचेही नाव आहे. 2019 साली मुलांसाठी महिना 2,500 व मुलींसाठी 3,000 रुपये असे दर झाले. पण ती धंदेशिक्षणाच्या पदवीपुरती आहे व बारावीला वगैरे 60 टक्के गुण लागतात. केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण अनुदान विधवेला पदवीच्या पुढील शिक्षणासाठी आहे; 2025 पर्यंत ते महिना हजार रुपये होते. म्हणजे पदवी जिने आधीच घेतली तिला. आमच्या गावाकडच्या बहुतेक जवानांच्या बायका दहावीच्या अलीकडेपलीकडे थांबलेल्या असतात. त्यांच्या आणि या योजनांच्या मध्ये एक मोठा ओढा आहे, आणि त्यावर साकव नाही.

असा साकव आपल्या देशात एकदा बांधला गेला होता, हे सांगितले पाहिजे. दुर्गाबाई देशमुख केंद्रीय समाजकल्याण बोर्डाच्या अध्यक्षा असताना 1958 साली प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. शाळा सुटलेल्या बायकांनी दोनएक वर्षांत परीक्षेला बसावे अशी योजना होती, आणि विधवा व परित्यक्ता भगिनी तीत विशेष येत. त्याआधी अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो तर विधवांना शिकविण्यासाठीच. रमाबाई रानड्यांची सेवासदनही 1909 ची. अमेरिकन सरकारला 1968 साली जे सुचले ते आपल्याकडील काही माणसांना पदरमोड करून फार आधी सुचले होते. सरकारी खजिन्याने ते उचलून धरायला वेळ लागला, इतकेच. आज नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, मुक्त शाळेची दहावीची परीक्षा आहे. घर सांभाळून अभ्यास करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे, कागद मागून घ्यावे.

पुनर्विवाहाचा जाच आपल्याकडेही होता, आणि त्याची तऱ्हा तर और. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाचा भत्ता त्याच्यामागे विधवेला मिळतो. तिने दुसरे लग्न केले तर तो बंद होई, मात्र दिराशी केले तर चालू राही! पोरीने सरकारी भत्त्यासाठी दिराच्या गळ्यात माळ घालावी, असाच त्याचा अर्थ. 16 नोव्हेंबर 2017 च्या संरक्षण खात्याच्या हुकमाने ही दिराची अट काढून टाकली. आता तिने कोणाशीही लग्न केले तरी भत्ता तिचाच. या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे गेलो आहो.

त्याच वर्षीची आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तरी अंकात तिची नोंद असावी. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना कामी आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी स्वतः फौजेत जाण्याचे ठरविले. वय अधिक होते, त्यासाठी सवलत द्यावी लागली. दोन मुलांना घरच्यांकडे व वसतिगृहात ठेवून त्या चेन्नईच्या प्रशिक्षण केंद्रात वीस-बावीस वर्षांच्या मुलींबरोबर धावल्या, परीक्षा दिल्या, आणि 9 सप्टेंबर 2017 रोजी लेफ्टनंट झाल्या.